रिकाम्या बादल्या

गुलसानात बाईंनी मला शिट्टी दिली होती,
लाल, प्लास्टिकची, आत वाटाण्याएवढा गोळा.
आणि एक वही. पाचवी ‘ब’. चौदा नावं.
त्या वर्षी नारीनला बर्फाची घाई होती;
ऑक्टोबर सरला नव्हता
आणि डोंगर कानांपर्यंत पांढरे.

ट्रकने कोळसा गल्लीच्या तोंडाशीच ओतला.
पाटावरचा पूल खचलेला, त्यावर नुसत्या दोन फळ्या.
पलीकडे कान्यशाय आपांचं निळ्या खिडक्यांचं घर.
मधे एकशे दहा पावलं.
मी मोजून वहीत लिहिली होती.

आमच्याकडे याला अशार म्हणतात:
एकाचं काम सगळ्यांनी मिळून उरकायचं,
पैसे विचारायचे नाहीत,
चहाला नाही म्हणायचं नाही.
मोठ्यांचे अशार मी पाहिले होते,
भिंती उठताना, छप्पर चढताना.
हा आमचा पहिला.
आणि पुढारी मी.

उंच मुलं ढिगाशी, लहान कोठीपाशी,
मधे पाटावर अझीम, कारण तो पाण्याला भीत नाही.
मी शिट्टी वाजवली.
बादल्या निघाल्या हातांवरून हातांकडे,
पत्र्याच्या, रंगाच्या डब्यांच्या,
एक तर कुणाच्या तरी बाळाच्या आंघोळीची.

आपा बाहेर आल्या,
पायांत रबरी जोडे, हातांत नवऱ्याचे जुने हातमोजे.
“मी कुठे उभी राहू?”
मी म्हटलं, “तुम्ही बसा आपा,
तुमच्यासाठीच तर चाललंय हे.”
हे वाक्य मी घरी आरशासमोर म्हणून आले होते.

त्या बसल्या.
पायरीवर, हातमोजे मांडीत घेऊन,
स्वतःच्याच दारात
चुकून लवकर आलेल्या पाहुण्यासारख्या.
मी दुसरीकडे पाहिलं. वहीत बादल्या मोजत राहिले.

चाळीस झाल्या आणि रांग थांबली.
ढिगाशी हात रिकामे,
कोठीशी रिकाम्या बादल्यांचा डोंगर.
भरलेल्या पुढे कशा जातील हे मी वहीत काढलं होतं, बाणांसकट.
रिकाम्या परत कशा येतील
हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

मी शिट्टी वाजवली. पुन्हा वाजवली.
तिलेक तीन बादल्या कवटाळून धावला
आणि फळीवर घसरला. ओठ फुटला.
“रांग सोडायची नाही म्हणून सांगितलं होतं!”
मी ओरडले,
रक्त पाहूनसुद्धा आधी हेच ओरडले.

आपा उठल्या. मला विचारलं नाही.
त्याचा ओठ बाहीच्या टोकाने पुसला,
त्याच्यासमोर उभ्या राहिल्या,
एक रिकामी बादली उचलून सेझिमपुढे धरली:
“घे. आणि तू पुढे दे.”

मग आपोआप दुसरी रांग झाली.
धाकटी मुलं वळली, पाठीला पाठ लागली,
भरलेल्या इकडून, रिकाम्या तिकडून,
आणि आपा मनगटापर्यंत काळ्या,
कोळसेवाल्याला शिव्या देत:
“निम्मे दगडच भरलेत मेल्याने!”
आम्ही इतके हसलो की एक बादली पाटात गेली.

शिट्टी माझ्या तोंडातच होती. वाजवली नाही.
अझीम आणि जिल्दिझच्या मधे एक जागा होती,
तिथे जाऊन उभी राहिले.
पहिलीच बादली आली आणि खांदा खाली ओढला गेला.
कडी गार, बोटं कापणारी.
चाळीस बादल्या लिहिल्या होत्या मी,
वजन एकीचंही माहीत नव्हतं.

अंधार पडता पडता संपलं.
चहा झाला, बोरसोक झाले,
टेबलक्लॉथवर चौदा जणांचे काळे पंजे
आणि आपांचे दोन.
शिट्टी मी तिलेकला देऊन टाकली;
त्याने ती त्याच रात्री हरवली.

वहीत पंधरावं नाव लिहिलं: कान्यशाय आपा.
पुढे: हजर.

सोमवारी बाईंनी लाल शाईने विचारलं,
“चौदा की पंधरा? नीट मोज.”
मी नीट मोजलं.
खोडलं नाही.